उलटा नमस्कार

कोल्हापुरात माणसाची पारख मनगटावरून होते. मुलगी बघायला आलेल्या मुलाचा पगार चहानंतर विचारतात. त्याचा पंजा किती कचकचीत आहे, ते मात्र उंबऱ्यातच तपासून झालेलं असतं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबागेचं मैदान १९१२ साली पुरं झालं तेव्हापासून, आणि खरं तर त्याच्याही आधीपासून, या गावाचा अभिमान कोपर आणि पंजा यांच्या मधे मुक्कामाला आहे. पहिला हिंदकेसरी किताब १९५९ साली श्रीपती खंचनाळ्यांनी मारला, ही गोष्ट आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी सांगतात.

शिवाजी पेठ या बाबतीत गावाच्याही दोन पावलं पुढं. अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून निघून उभ्या मारुती चौकापर्यंत गेलं, की वाटेत तालीम लागते, तरुण मंडळ लागतं, लाठी-पट्ट्याचा सराव करणारी पोरं लागतात. फुटबॉल तेवढा पायानं खेळतात. पण मॅच सुटल्यावरची चर्चा पुन्हा हातवारे करूनच होते.

अशा या पेठेत मध्यरात्री उठून, अंथरुणाच्या कडेला बसून हात झटकणारी माणसं कोण, याचा कुणी शोध घेतला तर त्याला पैलवान फारसे भेटायचे नाहीत. भेटतील त्या बायका. चाळिशी-पन्नाशीच्या, दिवसभर भाकऱ्या थापून आणि धुणं पिळून झालेल्या, आणि सकाळी कुणी विचारलंच तर "काही नाही, जरा हात अवघडला" म्हणणाऱ्या.

माझा उजवा हात असाच एका रात्री माझ्या आधी उठला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्यांची वारूळंच्या वारूळं फुटलेली. हात आहे हे कळत होतं, पण माझाच आहे याची खात्री वाटत नव्हती. मी तो पलंगाखाली सोडला, झटकला, पुन्हा झटकला, तेव्हा कुठं जीव आला. खडबडीनं आमचे हे जागे झाले. "काय झालं?" मी म्हटलं, "मुंग्या." त्यांनी डोळे न उघडता आपल्या बाजूची चादर झटकली आणि पुन्हा घोरायला लागले.

पेठेत दुखणं लपत नाही, आणि उघडं पडलं की एकट्याचं राहत नाही. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या आक्कांनी विचारलं, "काय वैनी, हात का झटकालाय सारखा?" सांगितल्यावर त्यांनी तिथंच निकाल दिला. "मान हाय ती. उशी काढून टाका." भाजीवाल्या मावशींच्या मते वात होता. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढता काढता एकानं मान वळवून "बी-ट्वेल्व कमी असंल" असं सांगितलं. हल्ली पेठेत कुणाला शिंक आली तरी बी-ट्वेल्व कमी असतं. एक जण तांब्याचं कडं घाला म्हणाला. तालमीत आयुष्य गेलेले आमचे चुलत दीर तर गाडीची किल्ली घेऊनच आले. "वैनी, वस्तादांकडं चला. असा एक हिसका देत्यात, नस मोकळीच." हिसका त्यांनी हवेत देऊन दाखवला. तेवढ्यानंच माझ्या मुंग्या तात्पुरत्या पळाल्या.

डॉक्टरांनी मानेला हात लावण्याआधी एक साधा प्रश्न विचारला. "करंगळीला काही होतंय?" मी जरा आठवून बघितलं. करंगळीला काहीच होत नव्हतं. बाकीची बोटं रात्रभर बोंबलत असताना करंगळी शेजारच्या घरातल्या भांडणाकडं कानाडोळा करावा तशी शांत झोपलेली असायची. डॉक्टरांना तेवढ्यावर आनंद झाला. म्हणाले, करंगळीची नस निराळी आणि तिचा रस्ताही निराळा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू ही एका नसेची वतनदारी. घरी येऊन मी अनामिकेवर सुईचं टोक दोन्ही बाजूंनी टेकवून बघितलं. एक बाजू बधिर, दुसरी जागी! एकाच बोटात दोन घरं आणि मधे भिंत, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी मला उलटा नमस्कार करायला लावला. नमस्कारात तळवे जुळतात आणि बोटं वर असतात. इथं दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या, बोटं जमिनीकडं सोडायची आणि मिनिटभर तसंच राहायचं. पहिले काही सेकंद मला नुसतं हसू येत होतं. मिनिट भरायच्या आत उजव्या हातात रात्रीचं ते सगळं वऱ्हाड भर दुपारी दाखल झालं. पुढं त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूला बोटानं टकटक केलं, तर बोटांच्या टोकापर्यंत झिणझिणी गेली. पहिल्या चाचणीला अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या जॉर्ज फॅलेन यांचं नाव आहे, दुसरीला फ्रान्सच्या ज्यूल टिनेल यांचं. दोन्हींना ना यंत्र लागतं ना वीज. पुढं नसांची तपासणी केली, तिथं मात्र बारीक बारीक झटके देऊन मनगटातून निरोप किती उशिरा पोचतो ते मोजलं. उशीर होत होता. "कार्पल टनेल सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. एवढं लांबलचक नाव आपल्या साध्या हाताला मिळाल्याचं मला क्षणभर कौतुकच वाटलं.

त्यांनी कागदावर चित्र काढलं. मला त्यात आमचाच बोळ दिसला. खाली आणि दोन्ही अंगांना मनगटाची आठ लहान हाडं, म्हणजे जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती. वर एक जाड, चिवट, आडवा बंध, म्हणजे कुणीतरी कायमचा ठोकलेला पत्रा. या बोळातून दहा जणांची ये-जा. नऊ कंडरा, म्हणजे बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या: चार बोटांना दोन दोन आणि अंगठ्याला एक. कामकरी आणि निबर. दहावी ती नस, सगळ्यांत मऊ. एरवी सगळे एकमेकांना वाट देत जातात. पण कंडरांवरची आवरणं सुजली, अंगात पाणी साठलं, की गर्दी होते. भिंती सरकत नाहीत, पत्रा हलत नाही, नऊ जण तर कामाला निघालेले. दबते ती नस.

आणि हे रात्रीच का? तर मनगट मुडपलं की बोळ आणखी चिंचोळा होतो. झोपेत आपण हात गालाखाली घेतो, छातीशी मुडपतो, आणि तासन्‌तास तसेच पडून राहतो. दिवसभर राबताना हात निदान हलत तरी असतो. म्हणून झटकलं की बरं वाटतं; त्या झटकण्यालासुद्धा डॉक्टर लक्षण मानतात.

मानेवर संशय घेण्यात आमच्या आक्का एकट्या नाहीत, हे मला नंतर वाचताना कळलं. लंडनच्या जेम्स पॅजेटनी १८५४ साली मनगट मोडलेल्या माणसाची नस कशी दबते ते लिहून ठेवलं होतं. १८८० साली बॉस्टनच्या जेम्स पुटनमनी रात्री हात बधिर होऊन जागे होणारे आणि हात झटकून बरे वाटणारे रुग्ण वर्णन केले. लक्षणं सगळी हाताशी आली होती. पण मनगटाकडं बघायचं सोडून मंडळी वरच चढत गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर कित्येकांच्या हातांच्या मुंग्यांसाठी मानेच्या बुडाशी असलेली जादा बरगडी काढून टाकली गेली. १९४७ साली लंडनमधल्या रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, काहीही न मोडता, न पडता मनगटातल्या मनगटातच ही नस दबू शकते आणि वरचा बंध सोडवला की मोकळी होते. मेंदूचे डॉक्टर, आडनावही ब्रेन, आणि रोग सापडला मनगटात. तेव्हा आक्कांना मी काही बोलले नाही. मान दुखून हाताला मुंग्या येणं हेही खरंच असतं. दोन्हींतलं कुठलं, ते नळावर ठरत नाही एवढंच.

आता गुन्हेगार कोण? मुलगा म्हणाला, मोबाइल. हे म्हणाले, माझं शाळेतले पेपर तपासणं. हल्ली पहिलं बोट कॉम्प्युटरकडं दाखवतात. पण नुसत्या टाइपिंगचा पुरावा या बाबतीत तसा लंगडाच आहे. त्याहून भक्कम पुरावा जोरानं आवळून धरण्याच्या, मनगट वाकवून पुन्हा पुन्हा करायच्या आणि थरथरणारी यंत्रं हाताळण्याच्या कामांविरुद्ध आहे. मग शरीराच्या आतली कारणं: मधुमेह, थायरॉइड मंदावणं, संधिवात, वजन, पाळी जाण्याचा काळ. गरोदरपणात अंगावर पाणी धरतं तेव्हा तरण्या पोरींनाही हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप जातो. बायकांत तो पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळतो. डॉक्टरांनी म्हणूनच साखर आणि थायरॉइड तपासून आणायला सांगितलं.

मी मात्र त्या दिवशी संध्याकाळी स्वतःच्या हातांकडं पहिल्यांदा नीट बघितलं. शाळूचं पीठ परातीत घेतलं, आदणाचं पाणी घातलं आणि मळायला लागले. शाळूच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. ते तळहाताच्या बुडानं रेटून रेटून एकजीव करावं लागतं, नाही तर भाकरीची कड फाटते. तळहाताचं बूड म्हणजे नेमकी त्या बोळाची वेस. एक रेटा, दुसरा रेटा, सगळा भार त्या पत्र्यावर. मग थापणं: मनगट मागं मोडलेलं आणि बोटं ताठ. भाकरी उचलून तव्यावर टाकताना पुन्हा एक वळसा. पुढं कालवण ढवळा, कुकर उचला, फडकी पिळा. तालमीत पोरगं जोर मारतं तेव्हा कुणीतरी शेजारी उभं राहून मोजतं. भाकरीच्या पिठाला दिलेले रेटे आजवर कुणी मोजले नाहीत. मोजले असते तर पेठेतल्या कितीतरी घरांत गदा ठेवायला कोनाडा करावा लागला असता.

सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, जुन्या कोल्हापुरी वळणाच्या, मी आलो-मी गेलो असं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आम्ही जात्यावर दळलो, पाट्यावर वाटलो. आमच्या वेळला असली नावं नव्हती." मी म्हटलं, "मुंग्या तरी यायच्या का?" त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाकळी परातीत टाकून म्हणाल्या, "यायच्या की. रात्री उठून झटकत बसायचो मी. कुणाला सांगायचं? मामंजी ओट्यावर झोपलेले."

मी त्यांचा हात हातात घेऊन उलटा केला. अंगठ्याच्या बुडाशी आपल्याला मांसाची एक उशी असते; त्यांच्या तळव्यावर तिथं खळगा होता. अंगठा करंगळीला टेकवा म्हटलं, तर तो वाटेतच थांबला. पोलक्याचे हुक त्या कित्येक वर्षं माझ्याकडून लावून घेतात, चिल्लर पिशवीतून काढायची तर सगळी मांडीवर ओततात. आम्ही त्याला वय म्हणत होतो. नस फार काळ दबली की तिच्यावर पोसलेले अंगठ्याचे स्नायू वाळतात, आणि मग वाट मोकळी करूनही ते पुरते भरून येतीलच असं नाही. पहिल्या मुंग्यांनाच त्यांच्याकडं कुणी बघितलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. त्या म्हणाल्या, "बघू नकोस एवढं. लसूण करपंल." लसूण अजून सोलायचाच होता.

उपचाराची पहिली पायरी फारच बिनरुबाबाची निघाली: रात्री झोपताना मनगटाला पट्टा. ना सुई, ना लेप. मनगट सरळ रेषेत ठेवायचं, ना खाली ना वर, कारण सरळ असताना बोळात दाब सर्वांत कमी. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी जरा वर वाकवलेली असते. ती बाहेर काढून सपाट करून घ्यायला डॉक्टरांनी बजावलं. आवळूनही बांधायचा नाही, नाही तर बाहेरूनच दाब. महिना-दीड महिना नेमानं रात्री बांधायचा आणि मग बघायचं.

"काकूंना पट्टा लागलाय" ही बातमी बोळात फिरली आणि मर्दानी खेळ शिकणारा शेजारचा पोरगा धावत आला. त्याला वाटलं, आता काकूपण मैदानात! खरा प्रकार बघून त्याचा हिरमोड झाला, पण पट्टा हातात घेऊन त्यानं उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "काकू, आमच्या पट्ट्याचं पण असंच हाय की. दांडपट्ट्यात मूठ आत असती, वरनं कोपराकडं जाणारं लोखंडी कवच. मनगट हलूच शकत न्हाई. मनगटानं फिरवायला गेला तर हातच मोडंल. सरळ हात, आन् खांद्यापासनं फिरवायचा." त्यानं हवेत एक फेर घेऊन दाखवला. खरंच, मनगट तसूभर वळलं नाही. ज्या हत्याराच्या जिवावर पेठ छाती काढते, त्याची पहिली शिकवण मनगटाला वाकू न देण्याची आहे. ही शिकवण मैदानापासून स्वयंपाकघरापर्यंत यायला कुणी रस्ताच केलेला नव्हता.

रात्र पट्ट्यानं सांभाळली, दिवसाचं काय? डॉक्टर म्हणाले, "हाताला थोडी विश्रांती द्या." हे वाक्य ऐकायला गोड आणि घरात आणायला अवघड. विश्रांती औषधाच्या दुकानात मिळत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून काढून घ्यावी लागते. मी घरात जाहीर केलं की पीठ मळणं आणि धुणं पिळणं आजपासून माझ्याकडं नाही. यांनी लगेच मावशीकडून भाकरी विकत आणायचा तोडगा काढला. मी म्हटलं, त्या मावशीचं मनगट काय लोखंडाचं आहे? शेवटी चुलत दिरांना बोलावलं. मनगटातल्या जोराचा त्यांना फार अभिमान. त्यांनी बाह्या सारल्या आणि पिठाला असा काही रेटा दिला की परात ओट्यावरून भिंतीला जाऊन लागली. पहिली भाकरी गोव्याच्या नकाशासारखी आली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरीनंतर ते मनगट चोळत म्हणाले, "वैनी, हे काम वायलं हाय." मी त्यांना वस्तादांकडं न्यायची तयारी दाखवली.

सगळ्यांचं पट्ट्यावर भागत नाही. पट्ट्यानं उतार पडला नाही तर मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्यानं काही महिने बरे जातात, काहींना पुन्हा त्रास होतो. माझ्या थोरल्या जाऊबाईंची बोटं रात्रंदिवस बधिर झाली होती, कप हातातून सुटत होता, अंगठ्यात जोर उरला नव्हता. अशा वेळी वाट बघण्यात शहाणपण नसतं. त्यांचं ऑपरेशन झालं. हात तेवढा बधिर करून तळहाताच्या बुडाशी लहानशी चीर, आतला तो आडवा बंध कापायचा आणि टाके. जाऊबाई पूर्ण वेळ शुद्धीवर होत्या आणि डॉक्टरांना पांढऱ्या रश्शाची कृती सांगत होत्या. त्याच दिवशी घरी. सूज उतरावी म्हणून बँडेजचा हात वर धरून त्या बोळातून आल्या, तर समोरच्या दोन पोरांनी वाकून नमस्कार केला.

पत्रा काढला म्हणून बोळ उघडा पडत नाही; कापलेल्या बंधाच्या दोन टोकांमधे नवं ऊतक भरतं आणि छत पहिल्यापेक्षा ऐसपैस होतं. रात्रीच्या मुंग्या त्यांच्या लवकरच थांबल्या. बधिरपणा मात्र सावकाश जातो आहे, आणि तळव्याच्या दोन्ही कडांना दाबलं की दुखतं, तेही काही महिने चालतं म्हणतात. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, जड उचलायचं नाही. जाऊबाईंनी यातला दुसरा भाग तोंडपाठ केला आणि मोठ्या दिरांना रोज एकदा म्हणून दाखवतात.

माझं सध्या पट्ट्यावर निभावतंय. सासूबाईंनाही डॉक्टरांकडं नेऊन आणलं. या वयात फार काही हाती लागेल असं त्यांनी सांगितलं नाही, पण पोलक्याला हुकांऐवजी पुढं चिकटपट्टी लावून घ्यायची कल्पना डॉक्टरांचीच. आता सासूबाई माझ्या आधी तयार होऊन बसतात आणि मला उशीर झाल्याबद्दल बोलतात.

हे वाचता वाचता तुम्ही उलटा नमस्कार करून बघितला असणारच. माणसाचा स्वभाव आहे. बोटं खाली, हातांच्या पाठी जुळलेल्या, पुरतं एक मिनिट. मुंग्या आल्या तर नळावर चर्चा न करता सरळ डॉक्टर गाठा. पुरुषवाचकांपैकी ज्यांना काहीच झालं नाही, त्यांनी निरोगी मनगटाबद्दल अंबाबाईचे आभार मानावेत आणि उठून पीठ मळायला घ्यावं. शाळूचं आहे, पाणी कढतच लागतं.